वरंधा घाटातली सुई

(वेल्ह्यातली ओसरी. निवृत्त एसटी ड्रायव्हर सुपारी कातरतोय. नात पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आलेली.)

आबा : मग, काय दिसतं तुझ्या दुर्बिणीतून?

नात : सूक्ष्मदर्शक, आबा. त्यातून बघायचं नसतं, चाचपायचं असतं. बारीक पट्टीच्या टोकाला सुई, पाठीवर लेझर. सुई वर-खाली झाली की लेझरचा ठिपका हलतो.

आबा : म्हंजी आंधळ्याची काठी.

नात : तेच! 1986 साली बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी काढली.

आबा : तवा मी भोर-महाड चालवत हुतो. न्हाईतर मीच काढली असती.

नात : काठी घासत नेली तर पेशी सोलून निघते. म्हणून टकटक करत जायचं. पण चित्र व्हायला लागतात काही मिनिटं, आणि पेशी जिवंत. तेवढ्यात ती सरकते.

आबा : मग दाब की ॲक्सिलेटर!

नात : दाबला तर चढाला सुई पेशीत घुसते. उताराला हवेत सुटते, ती खाली टेकेपर्यंत पुढचं सगळं कोरं.

आबा : अगं, हा तर वरंधा घाट! वळणाआधी गिअर टाकावा.

नात : आंधळीला वळण दिसतंय कुठे?

आबा : मग गाडी हलकी पायजे. आन् सुटली की पाय चटकन पडला पायजे.

नात : (सुपारी घेता घेता थांबून) आबा, जपानात कानाझावाला तोशिओ आंदोंनी हेच केलं! नेहमीची पट्टी 100 मायक्रोमीटरच्या आसपास, त्यांची 10च्या आत. आखूड केली की पट्टी ताठ होते, म्हणून पातळही केली. पाण्यात सेकंदाला 10 लाखांच्या घरात थरथरते. आणि सुई सुटली की यंत्र तिला जास्त जोर लावून खाली आणतं. 2010मध्ये त्यांनी मायोसिन नावाचं प्रथिन चालताना टिपलं. एक पाऊल 36 नॅनोमीटर!

आबा : पायी? एसटी चुकली असंल बिचाऱ्याची.

नात : अख्खी पेशी मात्र उंच आणि मऊ. 100 ग्रॅम चहाच्या पुड्याच्या वजनाचे अब्ज भाग करा. त्यातल्या एकाहूनही कमी दाब हवा.

आबा : जोरात, पण हळू. माझी गाडी तशीच असायची.

आजी : (आतून) लग्नानंतर ह्यांच्याच गाडीतून महाडला गेले. घाट उतरंस्तोवर आठ वेळा ओकले!

आबा : ते जुनं मॉडेल हुतं.