आजोबांच्या नावचे बिल

स्लाव, इंग्लंड
श्रावण शुद्ध पंचमी

तीर्थरूप अण्णाकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. वाटणीत आचऱ्याचे घर आपल्याकडे आले हे वाचून समाधान वाटले, आणि विजेचे बिल अद्याप कै. आजोबांच्याच नावाने येते हे वाचून त्याहून अधिक वाटले. राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन २००५ साली महावितरण आले, म्हणजे बिल पाठविणाऱ्याचेसुद्धा नाव बदलले. घेणाऱ्याचे मात्र बदलले नाही, यात आपल्या घराण्याचा करारी स्वभावच दिसतो. "आजो गेलो, बिल मात्र इला," असे काकू दर खेपेस म्हणतात, ते मला इथे बसून ऐकू येते.

आम्हीही गेल्या महिन्यात भाड्याचे बिऱ्हाड सोडून स्वतःच्या घरात आलो. इकडची रीत अशी की, किल्ली हाती पडेल त्याच दिवशी नव्या घरधन्याने मीटरांवरील आकडे टिपून कंपन्यांस कळवावेत. जुन्याचे देणे त्या आकड्यापाशी संपते आणि नव्याचे तेथून सुरू होते. मृत्यूचा दाखला नाही, भाऊबंदांची संमती नाही. या सुबक व्यवस्थेने मी इतका भारावून गेलो की, सौ.ने विजेरी धरली असता जिन्याखालच्या कपाटात ओणवा होऊन, गॅसच्या मीटरावर जेवढे आकडे दिसले तेवढे सर्व अत्यंत प्रामाणिकपणे उतरवून घेतले. त्यांतील पाच काळे तेवढेच कळवावयाचे असून पुढचे तीन तांबडे दशांशाचे असतात, हे ज्ञान मला चार दिवसांनी दूरध्वनीवरील बाईंकडून प्राप्त झाले. माझ्या हिशेबाने निघणारी सारी रक्कम गेलेल्या घरधन्याच्या माथी बसणार होती. तेव्हा बाईंनी अतिशय विनयाने एवढेच विचारले की, त्या गृहस्थांनी या घरात नक्की शिजविले तरी काय?

दुसरी मौज अशी की, आमचे नाव दप्तरी चढण्यापूर्वी आलेले पहिले पत्र 'द ऑक्युपायर' यांच्या नावे होते. म्हणजे घरात जो कोणी इसम वास करीत असेल त्याच्या नावे. मालक कोण, वारस कोण, याची चौकशी नाही. दिवा लावील तो देणेकरी.

आपल्याकडील कायदा नात्यागोत्यांचा अधिक जाणता. पूर्वीच्या धन्याची थकबाकी घरावर बोजा म्हणून राहते. परंतु घर परक्याने घेतले तर त्याच्याकडून फार तर सहा महिन्यांची बाकी मागावी, आणि खाते वारसाच्या नावे होत असेल तर मात्र त्याला ही सवलत नाही, असे वीज नियामक आयोगाच्या २००५ सालच्या पुरवठा-नियमांनी ठरवून दिले. रक्ताचे नाते महाग पडते, हे आपल्या कुटुंबास उमगावयाला दोन पिढ्यांची कोर्टकचेरी लागली. आयोगाने ते एका पोटकलमात उरकले.

तरी मागील बाकी असल्यास ती आधी चुकती करून, मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीकडील असेसमेंटचा उतारा आणि इतर वारसांचे संमतिपत्र तयार ठेवावे. घरपट्टी आणि पाणीपट्टीचे नावही त्याच फेरीत पाहावे. तिन्ही आत्या चतुर्थीला घरी येतीलच. सह्यांचा कागद मोदक वाढून झाल्यावर, परंतु माडांच्या वाटणीचा विषय निघण्यापूर्वी पुढे करावा. हा अवधी फार थोडा असतो, हे आपण जाणताच.

अर्ज मात्र येती गावपळण होऊन गेल्यावर द्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. रामेश्वराचा कौल मिळाला म्हणजे तीन दिवस, तीन रात्री माणसे, गुरे, कोंबड्या घेऊन सारा गाव वेशीबाहेर झोपड्यांत राहावयास जातो, आणि मागे गाव भुताखेतांना मोकळा असतो, अशी आपली जुनी समजूत. त्या गर्दीत पितरांना कोणी हटकीत नसावे. तेव्हा त्या तीन रात्रींचे आपल्या घरातले खरे ऑक्युपायर आजोबाच. एवढे शेवटचे बिल त्यांच्या हक्काच्या नावाने येऊ द्यावे.

काकूंस साष्टांग नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक पुतण्या

ता. क. : वेशीबाहेर निघताना मीटरचा आकडा टिपून ठेवावा, दशांश वगळून. परतल्यावर तो वाढलेला आढळल्यास काकूंस सांगू नये.