हुरड्याचा फ्रेंच मावसभाऊ

नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी, म्हणजे बुधवारची रात्र उलटून बारा वाजले रे वाजले, की फ्रान्सच्या बोजोले भागात बोजो नावाच्या गावी पिंपांना तोट्या ठोकल्या जातात आणि त्याच हंगामाच्या द्राक्षांची, जेमतेम दीड-दोन महिने वयाची वाईन गावभर वाहू लागते. तिचं नाव बोजोले नुव्हो. हे वेड पॅरिस, लंडन करत जपानात पोहोचलं. तिथे हाकोनेच्या एका स्नानगृहात तर माणसं या वाईनच्या हौदात उतरून बसतात. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही हा सोहळा अधूनमधून होतो, आणि तिथे पेल्याची दांडी दोन बोटांत धरून, आतलं पेय गोल गोल फिरवून, नाक बुडेपर्यंत वास घेऊन डोळे मिटणारी मंडळी भेटतात. माझं म्हणणं असं, की या समारंभाला इतका गंभीर चेहरा करून जाण्याचं काही कारण नाही. तो कळायला वाईनचा अभ्यास लागत नाही. तो मुंबईच्या पंचतारांकित माणसाआधी सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या माणसाला कळेल, कारण टेंभुर्णीच्या माणसाला हुरडा कळतो.

पुरावा पाहा. बोजोलेत गामे नावाचं काळं द्राक्ष पिकतं. त्याचे घड हातानं तोडून, न चुरडता, अख्खेच्या अख्खे बंद टाकीत भरतात. आत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, त्यामुळे द्राक्ष आपल्या सालीच्या आतल्या आतच आंबायला लागतं. रंग उतरतो, पण साल आणि बी यांचा तुरटपणा फारसा उतरत नाही. तयार होते ती हलकी, फळाळ, जराशी थंड करून घटाघट प्यायची वाईन. तिला मुरवत ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षीची येईपर्यंत हिची रया गेलेली असते. आता मालदांडी ज्वारीकडे या. आणखी काही आठवडे कळ काढली तर दाणा पक्का होईल, कणगीत जाईल, वर्षभर भाकरी देईल, हे शेतकऱ्याला पुरतं ठाऊक असतं. तरीही तो दाणा चिकात असताना कणीस मोडतो, आगटीत भाजतो, तळहातावर चोळतो आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तिथल्या तिथे फस्त करतो. हुरडा खाताना कोणी डोळे मिटून ‘मागच्या सालापेक्षा यात मातीचा सूर जरा खालचा लागला’ असं म्हटलं, तर त्याला बांधावरून खाली ढकलतील. नव्या वाईनचंही तेच आहे. हौस चवीची कमी, नव्याची जास्त. बरं, तिच्या वासाचं एवढं कौतुक करतात तो वास बहुतेकदा पिकल्या केळ्याचा असतो. आयसोअमाइल ॲसिटेट हे द्रव्य दोन्हींत सापडतं. शेजारच्या कंदरची केळी जहाजानं आखातात पाठवायची आणि केळ्याच्या वासाची बाटली विमानानं फ्रान्सहून आणायची, या व्यवहाराला माढा तालुक्यात काय म्हणतील ते इथे लिहिता येत नाही.

कोणी म्हणेल, हुरड्याला कुठे सरकारी मुहूर्त असतो? नसतो, मान्य. पण टेंभुर्णीला सरकारी मुहूर्ताचं नवल वाटायचं कारण नाही. फ्रान्समध्ये ही वाईन लवकर विकायची सवलत 1951 साली सरकारी हुकमानं मिळाली, पुढे बरीच वर्षं तारीख 15 नोव्हेंबर होती आणि 1985 पासून ती तिसऱ्या गुरुवारवर गेली, म्हणजे शनिवार-रविवारचा धंदा पदरात पडावा. त्याआधी बाटली फोडणं नियमाबाहेर. आपल्याकडे उसाच्या गाळपाची तारीख मंत्र्यांची समिती ठरवते. त्याआधी एखाद्या कारखान्यानं गव्हाणीत मोळी टाकली की साखर आयुक्तांचं पत्र येतं. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला बोजोलेची तारीख दोन मिनिटांत समजावी. गामे द्राक्षाचं दुखणंही त्याला ओळखीचं वाटेल. बर्गंडीच्या फिलिप नावाच्या ड्यूकनं 1395 साली ते ‘बेइमान’ ठरवून आपल्या मुलखातून उपटायला लावलं. आरोपांतला मोठा आरोप हा, की ते फार पिकतं. ऊस त्या काळी तिकडे नव्हता म्हणून वाचला.

हा सोहळा इकडे आणायचा तर खरी अडचण वाराची आहे. अर्ध्या महाराष्ट्राचा गुरुवार दत्ताला, साईबाबांना, स्वामी समर्थांना दिलेला. जो माणूस एरवी सहा दिवस मागेपुढे पाहत नाही तोही गुरुवारी ग्लासाकडे पाठ फिरवतो. त्यात नोव्हेंबर म्हणजे बहुतेक कार्तिकीचे दिवस, टेंभुर्णीवरून पंढरपूरकडे दिंड्या आणि एसट्या चाललेल्या. अशा वेळी पिंपाला तोटी ठोकणाऱ्याला गावात राहायचं आहे की नाही, हा प्रश्न आहे. शिवाय द्राक्षवेलीलाही ती तारीख मंजूर नाही. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. नोव्हेंबरात वेल फार तर फुलोऱ्याला येतो. वाईनची द्राक्षं उतरतात जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत. म्हणून माझा आग्रह असा, की रीत घ्यावी, तारीख परत पाठवावी. माल फार दूर नाही. अकलूजला मोहिते-पाटलांनी इटलीच्या भागीदारांबरोबर उभारलेल्या फ्रातेल्ली या कारखान्याचे मळे याच जिल्ह्यात आहेत, आणि तिथे इटलीचं सांजोव्हेजे द्राक्षही पिकतं. फेब्रुवारीच्या आरंभी खुडलेल्या द्राक्षांची नवी वाईन सहा आठवड्यांत, म्हणजे होळीच्या आगेमागे हाती येईल.

जाणकार नाक मुरडतील, की ही कच्ची वाईन, हिला खोली नाही. नसू दे. त्यांची एक गोष्ट मात्र बरोबर आहे: नव्याच्या हौसेवर सगळाच धंदा उभारू नये. 2001 च्या हंगामात बोजोलेची इतकी वाईन पडून राहिली, की बरीचशी उकळून अल्कोहोल काढण्याकडे लावावी लागली. सगळी ज्वारी हुरड्यात मोडणाऱ्याच्या घरी उन्हाळ्यात काय शिजणार? माळकऱ्यांचा आक्षेप याहून वजनदार, आणि त्याला उत्तर वाद घालून देऊ नये. त्यांच्यासाठी आंबण्याआधीचा ताजा द्राक्षरस वेगळ्या टेबलावर, वेगळ्या भांड्यांत ठेवावा. तिथे गर्दी जास्त झाली तर आयोजकांनी वाईट वाटून घेऊ नये. राहिला धुळवडीचा मुद्दा, की त्या दिवशी या जिल्ह्यात पिण्यासाठी नव्या निमित्ताची गरज कोणाला? म्हणून धुळवड टाळून पुढचा बुधवार धरावा. बुधवारी मटणाला कोणाची ना नसते, आणि कार्यक्रम रात्री पावणेबाराला आटोपता घेतला की पाठोपाठ येणाऱ्या गुरुवारलाही तक्रार राहत नाही.