काका आणि काटा

तुमच्या सोसायटीतही एक असतीलच. आमच्या नोएडातले काका हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झाले आणि सरकारी फायली संपल्यावर ताटांवर आक्षेप काढू लागले. खिशात कॅलरी मोजायचं अ‍ॅप, पिशवीत छोटा वजनकाटा.

गणपतीची आरती झाली, मोदक हातात पडला, की काटा. "सारण किती, पारी किती, वेगवेगळं सांगा." करणारीचा चेहरा बघण्यासारखा होतो. महाराष्ट्र सदनात थाळी आली, काटा. पहाडगंजला छोले-भटुरे, काटा. फुगलेला भटुरा त्यावर मावेना, म्हणून काकांनी दाबला, तर फुस्स. दुकानदार म्हणाला, "बाऊजी, खाना है या बेचना है?" काकांनी त्याला नियम ऐकवला: 1 जुलै 2022पासून 10 किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूवर कॅलरी छापायच्या. त्या बिचाऱ्याची एकच गाडी.

स्निग्धाला ग्रॅममागे 9, पिष्टाला आणि प्रथिनांना 4, किलोभर चरबीला साधारण 7,700: सगळं तोंडपाठ. नोव्हेंबरात दिल्लीची हवा खातो, तिचा रकाना तेवढा अ‍ॅपमध्ये नाही. आणि खरी चीड याची, की काकांचं 14 किलो उतरलेलं वजन पुन्हा चढलेलंच नाही. आमचं उतरतं, लग्नसराईत थोडं परततं, उरलेलं होळीच्या गुजियांबरोबर येतं.

आई इस्पितळातून घरी आली तेव्हा दोन घासांवर ताट सारायची. काका आले, अर्थात काटा घेऊन. मी मनातल्या मनात शिवी हासडली. त्यांनी तिचा वरणभात तोलला, उरलेला पुन्हा तोलला, वजाबाकी केली आणि डॉक्टरांना दाखवायला चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग रोज संध्याकाळी हजर. "वहिनी, आज 600च. चालणार नाही." स्वतःच्या पोळीला तूप हुंगायलाही न देणाऱ्या या माणसानं तिच्या भातावर चमचाभर तूप सोडलं. "5 ग्रॅम, 45." तिचं लक्ष टीव्हीकडे आहे असं बघून आणखी एक सोडला. तो मोजला नाही.

आई आता 3 किलोंनी भरली आहे. परवा तिनं दुसरा बेसनाचा लाडू उचलला, तर काकांनी हात पुढे केला. "वहिनी, इकडे द्या तो." घेतला, तोलला, आणि अर्धा परत दिला.