दीड लिटरची तूट

मनालीहून लेहला निघालं की टांडी गावी पेट्रोल पंप लागतो. चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा तिथे संगम होतो आणि पुढे त्यांची चिनाब होते, पण मोटारसायकलवाल्यांपैकी नद्यांकडे कुणी फिरकत नाही. सगळे बघतात ती पंपावरची पाटी : पुढचा पंप 365 किलोमीटरवर. त्या पाटीशेजारी फोटो काढायचा आणि टाकी गळ्यापर्यंत भरायची, हा तिथला विधी.

हे 365 लेहपर्यंतचे. लेहच्या अलीकडे पस्तीसेक किलोमीटरवर कारूला पंप होता, म्हणजे खरा उपास 330 किलोमीटरांचा. माझ्या बुलेटची टाकी साडेतेरा लिटरची आणि अ‍ॅव्हरेज तेहतीस-चौतीसचं, त्यामुळे तिच्या लेखी ही साधी संकष्टी होती. सोबत येणाऱ्या भाच्याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे पहिल्या पिढीतली केटीएम आरसी 390. इंजिन 373 सीसी, टाकी जेमतेम दहा लिटर. आमच्याच चाकणला बनलेली ही गाडी, पण बांधा शर्यतीचा. शर्यतीच्या ट्रॅकवर माणूस दर फेरीला निघाला तिथेच परत येतो, तेव्हा मोठी टाकी हवी कुणाला! भाच्याच्या मनगटाखाली ती लिटरला पंचवीस द्यायची. दहा पंचे पन्नास वगैरे करून अडीचशे किलोमीटर आले. नकाशावर बोट ठेवलं तर ते तांगलांग ला खिंडीच्या आसपास पडलं, समुद्रसपाटीपासून साडेसतरा हजार फुटांच्या घरात. गाडी ढकलायला याहून वाईट जागा या देशात शोधून सापडणार नाही.

‘‘मामा, तू फक्त बघ,’’ भाचा म्हणाला. ‘‘गाडीचा पल्ला दुप्पट करतो.’’

आम्ही पुण्यातल्या नाना पेठेत गेलो. तिथल्या मिस्त्रींनी गाडीकडे न बघताच निदान केलं : ‘‘पुढच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवा.’’ हिशेब बरोबर होता. पंधरा दातांच्या जागी सोळा बसवले की त्याच वेगाला इंजिन सहा-सात टक्के कमी फिरतं. सातारा रस्त्यावर अ‍ॅव्हरेज थोडं वाढलंसुद्धा. मग भाच्याने मागे मला आणि दोन बॅगा बसवून कात्रजचा चढ धरला आणि गाडी पहिल्या गियरमध्ये कुरकुरायला लागली. हे कात्रजला, तर पाच हजार मीटरवर काय? तिथे हवेचा दाब निम्म्यावर येतो आणि इंजिनाची ताकदही त्याच मापात उतरते. डोंगरात जाणारे उलट एक दात कमी करून घेतात. मिस्त्रींना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. ‘‘तुम्ही अ‍ॅव्हरेज मागितलंत, चढ मागितला नव्हता,’’ ते म्हणाले. जुना स्प्रॉकेट परत बसवायची मजुरी त्यांनी वेगळी लावली.

मग दुसरी टाकी आली. अमेरिकेत आयर्न बट म्हणून लांब पल्ला मारणाऱ्यांची एक संघटना आहे. चोवीस तासांत हजार मैल ही त्यांची बालवाडी. त्यांच्या रॅलीत एका गाडीवर साडेअकरा गॅलन, म्हणजे त्रेचाळीस लिटरच्या वर पेट्रोल चालतं. हा आकडा वाचल्यापासून भाच्याची झोप उडाली होती. तो जुन्या बाजारातून दहा लिटरची स्टीलची दुधाची किटली घेऊन आला. मिस्त्रींनी तिला बुडाशी नळी जोडली, कॉक लावला आणि मागच्या सीटवर अँगलचा स्टँड ठोकून तिची प्रतिष्ठापना केली. स्टँड एवढा उंच कशाला? तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप मूळ टाकीच्या पोटात असतो. बाहेरून नळी काढून ती मधेच इंजिनाला जोडता येत नाही. किटलीतलं पेट्रोल आधी टाकीत उतरलं पाहिजे, आणि ते आपणहून उतरायचं तर किटली टाकीपेक्षा उंच हवी. भाचा हँडलवर ओणवा आणि पाठीमागे त्याच्या डोक्याबरोबर चकाकणारी किटली, अशी वरात निघाली की पेठेतली दुकानं बाहेर येऊन बघत.

दिवे घाटात चाचणी झाली. चढावर गाडीचं शेपूट खाली जातं, त्यामुळे किटलीही टाकीपेक्षा खाली गेली आणि पेट्रोल यायचं थांबलं. माथ्यावरून गाडी वळवून उतार लागला तसं ते धो धो आलं आणि टाकीच्या झाकणातून बाहेर पडून भाच्याच्या पॅन्टवर गेलं. इंजिन पेट्रोल मागतं ते चढावर. उतारावर त्याला थेंबही नको असतो. या वस्तुस्थितीवर नाना पेठेतही औषध नव्हतं. शेवटी बोटीच्या इंजिनाला असतो तसला रबरी फुगा नळीत बसवला. थांबायचं, फुगा दाबायचा, पुढे जायचं.

या सगळ्यात मी काहीच करत नाही असं दिसू नये म्हणून मी कायदा वाचला. 1934 चा पेट्रोलियम कायदा सांगतो की विक्रीसाठी नसेल तर तीस लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना जवळ बाळगता येतं, मात्र घट्ट बुचाच्या भांड्यात. धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत, आणि काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत. प्लास्टिकचा त्यात उल्लेखच नाही. म्हणजे लडाखला निम्मे लोक प्लास्टिकचे कॅन बांधून जातात ते कायद्यात बसत नाही, आणि लोणच्याच्या दहा बरण्या बांधून कुणी गेला तर तो सज्जन नागरिक. हे मी जेवताना सांगितलं. ताई भाच्याला एवढंच म्हणाली, ‘‘माझ्या बरण्यांना हात लावलास तर बघ!’’

गाड्या चंडीगडपर्यंत रेल्वेने पाठवल्या. पार्सलमध्ये मोटारसायकल टाकायची तर टाकी कोरडी लागते. बाबूंनी मूळ टाकी तपासली, किटलीचं झाकण उघडून आत नाक घातलं आणि विचारलं, ‘‘दूधवाले हो क्या?’’

टांडीला दोन्ही टाक्या भरल्या. किटलीत साडेसात किलो पेट्रोल आणि तेही उंच शेपटावर, त्यामुळे पुढचं चाक हलकं झालं आणि वळणावर गाडी मालकाचं ऐकेना. बारालाचा ला खिंडीत भाच्याने झाकण सैल केलं तर खाली भरलेली वाफ फुस्स करून बाहेर आली. माझी बुलेटही तिथे हिरमुसली. कार्ब्युरेटरला विरळ हवेचा पत्ता नसतो, तो आपला जुन्या मापाने पेट्रोल ओतत राहतो. त्यामुळे मी काळा धूर सोडत मागून आलो आणि अ‍ॅव्हरेजबद्दलचं माझं भाषण दोन दिवस बंद राहिलं. गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर किटलीतलं पेट्रोल डावीकडून उजवीकडे आपटत होतं. तेवढ्यासाठीच खऱ्या टाकीत आडवे पडदे घालतात. दुधाच्या किटलीला ते कशाला असतील?

पांगच्या तंबूतल्या आमा-लेंकडे, म्हणजे तंबूवाल्या आईंकडे, पेट्रोलच्या बाटल्या होत्या. दर चढा, पण अडल्याला मिळत होतं. त्यांनी आमची किटली बघितली आणि चहा दुधाचा करू का, असं विचारलं.

गंमत पुढेच आहे. रस्ता असा की चाळीसच्या वर काटा जाईना, आणि भाच्याच्या मनगटाला वाव मिळेना. मोरेच्या सपाटीवर त्याने तासभर हौस भागवून घेतली तेवढीच. कारूला मोजलं तेव्हा त्याच आरसीने एकोणतीसच्या आसपास अ‍ॅव्हरेज दिलेलं निघालं. 330 किलोमीटरांना साडेअकरा लिटर. त्यातलं दहा मूळ टाकीतलं, म्हणजे किटलीतलं लागलं दीड लिटर. बाकीचं साडेआठ लिटर बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला बघून, एकाही इंजिनाला न शिवता, सुखरूप खाली आलं.

2022 साली आलेल्या नव्या आरसी 390 ला 13.7 लिटरची टाकी आहे, तेव्हा त्या मालकांनी हे वाचून सोडून द्यावं. जुनी असेल त्यांनी धातूचा, घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा बांधावा, टायरमधली हवा नीट ठेवावी आणि मिस्त्रींकडे फक्त चेनला तेल घालायला जावं. किटली कुणाला हवी असल्यास देणे आहे. पेट्रोलचा वास गेलेला नाही, त्यामुळे दुधाला चालणार नाही.