शेरेबहाद्दर

देवघेवीच्या टेबलामागच्या भिंतीवर पाटी असते : ‘पुस्तकांवर काहीही लिहू नये. पाने दुमडू नयेत.’ शेरेबहाद्दर ही पाटी नीट वाचतो. तिच्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक ग्रंथपालांच्या कानावर घालतो, पुस्तक बदलून घेतो आणि घरी जाऊन पेन्सिलीला टोक करतो.

तो बहुधा सेवानिवृत्त असतो. सगळी हयात त्याने फायलींवर शेरे मारण्यात घालवलेली असते. पेन्शन सुरू झाली म्हणून हाताची सवय जात नाही. ‘अनावश्यक विस्तार’, ‘मुद्दा सिद्ध होत नाही’, ‘पान ४३ शी विसंगत’ असे त्याचे शेरे वाचताना लेखकाने कादंबरी लिहिली आहे की रजेचा अर्ज केला आहे, असा प्रश्न पडतो. मराठी मुलखात त्याला कार्यक्षेत्रही मोठं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. एवढ्या काळात वर्गणी वाढली, कपाटं लोखंडी झाली, नोंदी संगणकावर गेल्या. समास मात्र अजून कोराच छापतात, आणि कोरी जागा त्याला बघवत नाही.

कादंबरीत तो रमतो. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. तिच्या एखाद्या प्रतीत त्याचा शेरा हमखास सापडावा : ‘नायक काहीच करत नाही.’ खाली कॉलेजवयीन अक्षरात उत्तर : ‘काका, तेच तर आहे.’ पुढे नेमाड्यांना २०१४ चा ज्ञानपीठ मिळतो आणि त्याच ठिकाणी पहिल्या अक्षरात भर पडते : ‘तरीही.’

या भर पडण्यातच त्याचं खरं गुपित आहे. वाचून झालेलं पुस्तक तो काही महिन्यांनी पुन्हा घरी नेतो. ग्रंथपालांना वाटतं, केवढा हा व्यासंग! तो फक्त उत्तर आलंय का ते बघत असतो. उत्तर नसलं तर हिरमुसतो. ‘तुम्हाला कोणी विचारले?’ एवढं जरी कोणी लिहिलं असलं, तरी त्याची संध्याकाळ चांगली जाते.

त्याच्या जातीत पोटजाती पुष्कळ. पहिली अधोरेखक. हा स्वतःचं काही लिहीत नाही, नुसत्या रेघा ओढतो. त्याचं आवडतं पुस्तक ‘वपुर्झा’. चार-सहा अधोरेखकांच्या हातून फिरलं, की त्यात रेघ नसलेली ओळच आधी डोळ्यात भरते. दुसरी पोटजात शुद्धलेखकांची. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने नवे नियम केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. हा गृहस्थ १९३० सालचं पुस्तक घरी नेतो आणि त्यातले अनुस्वार एकेक करून खोडतो. दोनशे पानं झाल्यावर शेवटी शेरा : ‘मुद्रितशोधन अत्यंत निष्काळजी.’ लेखक, प्रकाशक आणि मुद्रितशोधक हे तिघेही नियम होण्याआधीच निवर्तले असतील, ही सबब त्याला मान्य नसते.

पाकक्रियेच्या कपाटापाशी राज्य वहिनींचं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. मापं ग्रॅममध्ये न देता वाटी-चमच्यात दिली, म्हणून ती घराघरांत पोचली. शेरेबहाद्दर वहिनींचा पहिला प्रश्न तिथेच : ‘वाटी कोणती?’ खाली दुसरीचं उत्तर : ‘आमटीची.’ तिसरीचं : ‘आमच्याकडे ती मोठी असते.’ पण या पुस्तकातला सगळ्यात खरा अभिप्राय पेन्सिलीचा नसतो, हळदीचा असतो. ज्या पानावर तेलाचे डाग, तो पदार्थ झाला आणि खाल्लाही गेला. स्वच्छ पानांवरचे नुसतेच वाचले गेले.

दिवाळी अंकांवर तर सगळेच तुटून पडतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ने ही प्रथा सुरू केली, तेव्हा वार्षिक राशिभविष्याचं पुढे काय होईल, याची काशिनाथ रघुनाथ मित्रांना कल्पना नसावी. अंक फिरत फिरत एप्रिलात शेरेबहाद्दराकडे पोचतो, तोवर निम्मं भविष्य तपासून घेण्याजोगं झालेलं असतं. ‘प्रवासयोग’पुढे फुली. ‘संततीकडून समाधान’पुढे प्रश्नचिन्ह.

विश्वकोशाचे वीस खंड तेवढे निर्धास्त. ते घरी देत नाहीत, आणि तिथल्या तिथे वाचायचे तर समोर ग्रंथपाल बसलेले.

या घराण्यात मोठी माणसंही होऊन गेली. इंग्रज कवी कोलरिज मित्रांची पुस्तकं नेई आणि समास भरून परत करी. चार्ल्स लॅम्बने १८२० मध्ये त्यावर निबंध लिहून अशा टिपांनी पुस्तकाची किंमत वाढते, असं कौतुक केलं. सगळ्यांनाच असा मित्र भेटत नाही. लंडनच्या इझ्लिंग्टनमध्ये जो ऑर्टन आणि केनेथ हॅलिवेल या जोडीने वाचनालयाच्या पुस्तकांच्या वेष्टनांवर भलती चित्रं चिकटवली, आतल्या बाजूला खोटे, चावट परिचय टाइप केले, आणि पुस्तकं गुपचूप कपाटात परत ठेवून ती वाचणाऱ्यांचे चेहरे बघत बसले. १९६२ साली दोघांना सहा-सहा महिन्यांची कैद झाली. पुढे ऑर्टन नामवंत नाटककार झाला, आणि आता तीच बिघडवलेली वेष्टनं इझ्लिंग्टनच्या स्थानिक इतिहास संग्रहात जपून ठेवलेली आहेत.

आपल्या शेरेबहाद्दराला कैद होत नाही आणि त्याचे शेरे संग्रहातही जात नाहीत. ते खोडरबराने जातात, आणि ते काम ग्रंथपालांकडे असतं.

अक्षम्य गुन्हा त्याच्या हातून एकच घडतो. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवायला जिवाचं रान करतात. शेरेबहाद्दर पान बारावर एका नावाभोवती गोल काढतो आणि बाण दाखवून लिहितो : ‘हाच.’

तेव्हा समस्त शेरेबहाद्दरांना विनंती. टेबलावर दोरी बांधलेली सूचनावही असते. तिच्यात पंख्याच्या आवाजाच्या तक्रारी भरपूर सापडतात, पुस्तकांविषयी क्वचितच काही. आपली मतं तिथे लिहा, खाली नाव आणि तारीख घाला. उत्तर देणारे तिथेही भेटतील. समास सुटतच नसेल, तर निदान पेन नको; पेन्सिल, तीही हलक्या हाताने. खुनी कोण, हे मात्र त्या वहीतसुद्धा लिहू नका.