मुंग्यांवरचा कंटाळवाणा उपाय

आपल्याकडे आजाराला मान मिळतो तो त्याच्या खर्चावरून. बायपास झालेल्या माणसाला लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते, स्टेंटवाल्याला दुसऱ्या रांगेतली. ज्याला नुसतं ‘व्यायाम करा’ म्हणून परत पाठवलंय त्याला वाढपाची बादली देतात. मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येण्याचा आजार या बाबतीत फारच कमनशिबी. नाव भारदस्त आहे, कार्पल टनेल सिंड्रोम. ते ऐकून समोरच्याचा चेहरा जरा गंभीर होतो. पण उपचार विचारला की सगळी अब्रू जाते. रात्री मनगट सरळ ठेवून झोपा, दिवसातून काही वेळा बोटं अमुक पद्धतीने हलवा, आणि कणीक मळणं काही आठवडे दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. एवढं सांगायला फिजिओथेरपिस्टने फी घ्यावी याचा पेशंटला मनापासून राग येतो. तो राग शांत करायला दवाखान्यात एक मशीन असतं. मनगटावर थंडगार जेली लावून त्यावरून एक गुळगुळीत दांडी गोल गोल फिरवतात, कोपऱ्यात लाल आकडे उलटे मोजत जातात, शेवटी टीं करून आवाज होतो आणि पेशंट ‘आज जरा बरं वाटतंय’ म्हणत समाधानाने पैसे देतो. माझं म्हणणं असं, की फिजिओथेरपी या आजारावर उपयोगी पडते, पण ज्या भागाचे पैसे आपण आनंदाने मोजतो त्यात तिचा उपयोग फारसा नाही. तो आहे ज्या भागाला आपण हसतो त्यात.

आधी आत काय घडतं ते पाहू. तळहाताच्या बुडाशी आठ लहान हाडांची एक पन्हळ आहे आणि तिच्यावर जाड अस्थिबंधाचं झाकण. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या अंगाला अंग लावून मीडियन नावाची एक नस. जागा मोजकी, झाकण ताणलं न जाणारं. त्यामुळे आत जराशी सूज आली की सगळ्यात आधी तक्रार करते ती नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एवढाच तिचा इलाखा. करंगळी दुसऱ्या नसेची, ती ठणठणीत राहते. अनामिकेचं मात्र चुलतभावांच्या सामायिक शेतासारखं झालेलं असतं: बोटाच्या मधोमध बांध, अलीकडे दुष्काळ, पलीकडे सगळं हिरवंगार. हे अर्धं बोट निदानाला इतकं उपयोगी आहे, पण आपल्या घरांत त्याच्याकडे कोण बघतो? डावा हात असेल तर आधी हृदय, उजवा असेल तर कॅल्शियम, दोन्ही असतील तर गॅस. त्यातूनही पेशंट डॉक्टरपर्यंत पोचलाच, तर वाटेत मानेचा मणका आडवा येतो. चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढला की त्यात काही ना काही सापडतंच, आणि मग मनगटाच्या आजारासाठी माणूस महिनाभर गळ्यात कॉलर घालून हिंडतो. खरं तर रात्री झोपेतून उठून हात झटकावासा वाटणं, जुन्या थर्मामीटरचा पारा उतरवताना झटकत तसा, ही या दुखण्याची इतकी बोलकी खूण आहे की ती चांगल्या डॉक्टरला सांगितली तर त्याचं अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं तो मनगटं मिनिटभर दुमडून धरायला लावून करतो आणि शंका राहिलीच तर एनसीव्हीची, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजण्याची, तपासणी सांगतो.

रात्रीच का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात निम्मा उपचार आहे. 1981 साली अमेरिकेत गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशंटांच्या आणि निरोगी माणसांच्या मनगटात बारीक नळी घालून बोगद्यातला दाब मोजला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना तो सरासरी 2.5 मिलिमीटर पारा भरला, पेशंटांचा 32. मनगट पुरतं आत दुमडल्यावर पेशंटांचा आकडा 94 वर गेला आणि मागे वाकवल्यावर 110 वर. आता माणूस झोपतो कसा ते आठवा. हात उशीखाली खुपसून, मनगट हनुवटीखाली मुडपून, कुशीवर वळून त्यावरच सगळा भार टाकून. दिवसभर आपण मनगट हलवत तरी असतो. रात्री ते त्याच कोनात तासन्‌तास पडून राहतं आणि नसेचा रक्तपुरवठा अडतो. तेव्हा झोपताना मनगट सरळ धरून ठेवणारं स्प्लिंट म्हणजे काही मनाची समजूत नव्हे. त्यामागे साधा दाबाचा हिशेब आहे. आणि तरीही आपण ते वापरतो कसं? मेडिकलमधून आणतो, दिवसा घालून चार लोकांना दाखवतो, आणि रात्री ‘गरम होतं’ म्हणून काढून ठेवतो. रात्री घालायचं, दिवसा काढायचं, हा नियम नेमका उलटा पाळला जातो. त्यात दुकानातल्या बऱ्याच स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट किंचित मागे वाकवणारी असते. मोडलेल्या किंवा मुरगळलेल्या हाताला ते चालत असेल. इथे हवं असतं सरळ मनगट. पट्टी ओढून बाहेर काढायची, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करायची आणि परत सरकवायची, एवढंच काम. चांगला फिजिओ हे पहिल्याच भेटीत करून देतो, आणि मला विचाराल तर त्याची फी तिथेच वसूल होते. पण त्यात टीं असा आवाज होत नाही.

मशीनविषयीही न्यायाने बोलायला हवं. 1998 साली व्हिएन्नातल्या एका चाचणीत अल्ट्रासाउंडच्या, म्हणजे त्या जेलीवाल्या मशीनच्याच, वीस बैठकांनी गुण आल्याचं दिसलं होतं. पण पेशंट पंचेचाळीस, आणि पुढे अशा सगळ्या चाचण्या एकत्र मांडून बघणाऱ्यांना पुरावा तोकडाच वाटला. म्हणजे मशीन निरुपयोगी आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण सगळा उपचार त्याच्यावरच उभा करावा, एवढी त्याची लायकी अजून ठरलेली नाही. यावर कुणी म्हणेल, बोटांच्या व्यायामाचा पुरावा तरी कुठे भक्कम आहे? मान्य. नुसत्या व्यायामाचा पुरावाही अशक्तच आहे. तरी मी व्यायामाच्या बाजूने का, ते सांगतो. पाच मुद्रा असतात: बोटं सरळ, मग फक्त पुढची दोन पेरं आकड्यासारखी, मग पुरती मूठ, मग बोटं ताठ ठेवून मुळाशी काटकोन, आणि शेवटी टोकं तळव्याला टेकवलेली पण पुढची पेरं सरळ. हेतू एवढाच, की कंडरा आणि नस बोगद्यात एकमेकींवरून सरकत्या राहाव्यात. याला वीज लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि रोग वाढेल इतका जोर लावला नाही तर तोटाही होत नाही. एकच अडचण: एसटीत खिडकीशी बसून या मुद्रा केल्या तर शेजारचा माणूस ‘कुठल्या महाराजांचं?’ असं अदबीने विचारतो. ज्या व्यायामाला घाम येत नाही त्याला आपल्याकडे व्यायाम म्हणत नाहीत; अध्यात्म म्हणतात.

फिजिओच्या बाजूचा सगळ्यात वजनदार साक्षीदार मात्र स्पेनमध्ये आहे. फर्नांडेझ-दे-लास-पेन्यास आणि त्यांच्या चमूने 2015 साली 120 बायकांवरची एक चाचणी छापली. निम्म्यांची शस्त्रक्रिया, निम्म्यांवर हाताने उपचार. तेही अर्ध्या अर्ध्या तासाच्या फक्त तीन बैठका. पहिल्या आणि तिसऱ्या महिन्यात हाताचे उपचार घेतलेल्या बायका वरचढ होत्या. सहा महिन्यांनी आणि वर्षाने दोन्ही गट सारखेच. 2017 साली आणखी 100 बायकांवर तेच करून पाहिलं, आणि वर्षाअखेर चित्र तसंच होतं. गंमत म्हणजे या बैठकांत थेरपिस्ट नुसतं मनगट धरून बसला नव्हता. ही नस मानेतून निघते, तेव्हा मान, खांदा, दंड, कोपर अशी तिची सगळी वाट त्याने हाताखालून घातली. (गळ्यात कॉलर अडकवणाऱ्यांनी यावर ‘बघा, मान होतीच’ असं म्हणू नये, मान हलवायची होती, बांधायची नव्हती.) इथे शंकेखोर माणूस दोन बोटं वर करतो, आणि ती मुंग्या न येणारी असतात, म्हणून त्याला उत्साह जास्त. सगळ्या बायकाच होत्या, पुरुषांचं काय? आणि काहीच न केलेला तिसरा गट कुठे आहे? कशावरून आपोआप बऱ्या झाल्या नसतील? दोन्ही शंका रास्त आहेत. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना बराच जास्त होतो, म्हणून पहिली फार जाचत नाही, तरी पुरुषांपुरतं उत्तर बाकी राहतं हे खरं. दुसरीचं उत्तर असं: काही जणींना नुसत्या काळानेच गुण आला असेल, तर तो कापून घेतलेल्यांनाही आला असणार. मग तर सुरी आधी की हात आधी, या प्रश्नाचं उत्तर आणखीच सोपं होतं.

शस्त्रक्रियेचे वकील यावर नेदरलँड्सची फाइल काढतात, आणि ती मजबूत आहे. 2002 साली छापलेल्या त्या चाचणीत 176 पेशंट होते. दीड वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटातले 90 टक्के बरे होते, स्प्लिंटच्या गटातले 75. त्यातही स्प्लिंटवाल्यांपैकी 41 टक्क्यांनी तोवर कंटाळून शस्त्रक्रिया करून घेतली होती, म्हणजे 75 मधला बराच वाटा सुरीचाच. हा आकडा लपवून फिजिओची तरफदारी करणं म्हणजे लबाडी होईल. पण तोच आकडा उलटा वाचा: 59 टक्के माणसांनी दीड वर्षात टेबलावर पाय ठेवला नाही. आणि हे नुसत्या स्प्लिंटवर. मी शस्त्रक्रियेविरुद्ध बोलत नाहीये, मी क्रमाविषयी बोलतोय. अस्थिबंध एकदा कापला की कापला. स्प्लिंट मात्र नको झालं तर माळ्यावर टाकता येतं. हा क्रम कुठे मोडायचा तेही ठरलेलं आहे. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला, हातातून कप सुटायला लागला, बोटं चोवीस तास बधिर राहायला लागली, तर फिजिओचा कागद बाजूला ठेवून सरळ सर्जन गाठायचा. तिथे रेंगाळणाऱ्याची नस कायमची जाते. दोन्ही हातांना मुंग्या असतील तर थायरॉइड आणि साखर आधी तपासून घ्यावी. गरोदर बाईने सहसा नुसती वाट पाहिली तरी पुरतं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप उतरतं.

राहिला तो कारणांचा प्रश्न, आणि इथे आपली कौटुंबिक न्यायव्यवस्था उघडी पडते. आरोपी ठरलेला असतो: मोबाइल. तो फरार असेल तर कॉम्प्युटर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लोकांनी 2001 साली दिवसाचे कित्येक तास कॉम्प्युटरवर बसणारे आपलेच कर्मचारी तपासले, तर त्यांच्यात हा आजार इतर लोकांइतकाच निघाला. उलट जोर लावून, मनगट वाकवून, तेच ते करण्याची कामं आणि हादरे देणारी हत्यारं यांच्याविरुद्धचा पुरावा जास्त पक्का आहे. आता आपल्या घरात जोर लावून, मनगट वाकवून, तेच ते कोण करतं? परातीत दोन्ही तळव्यांनी कणीक रगडताना बघा: मनगट मागे मोडलेलं, त्यावर खांद्यातून भार, आणि बोटं आवळलेली. भाकरी थापणं, चादर पिळणं, नारळ खवणं हे सगळं त्याच खात्यात. पण पोळीवर आरोप ठेवायला घरातलं कुणीच तयार नसतं, कारण निकाल लागला तर अंमलबजावणी कुणी करायची, हा प्रश्न उरतो.

फिजिओथेरपीवरचा सगळ्यात खरा आक्षेप माझ्या मते इथे आहे, आणि तो वैद्यकीय नाही. शस्त्रक्रिया झालेल्या हाताला पांढरं बँडेज असतं. टाके असतात. ते पाहून सासूबाईसुद्धा ‘राहू दे, मी बघते’ म्हणतात, आणि नवरा पहिल्यांदा कणीक कुठल्या डब्यात असते ते विचारतो. शस्त्रक्रियेच्या गुणात या सक्तीच्या सुट्टीचाही थोडा वाटा असावा, असा मला दाट संशय आहे. रात्रीच्या स्प्लिंटला तो दरारा नाही. सकाळी ते काढलं की हात परत परातीत. म्हणून माझी फिजिओ मंडळींना एक सूचना आहे. व्यायामाचा झेरॉक्स कागद देता तो द्याच, पण त्यासोबत लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, स्वच्छ मराठीत लिहून द्या: कणीक, भाकरी व पिळणे, सहा आठवडे पूर्ण बंद. औषधाच्या रकान्यातच लिहा, सल्ल्याच्या नको. सल्ला घरात कुणी वाचत नाही. आणि खाली एक ओळ वाढवा: प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी, पती.