एक आवार, दोन खाती

थोरला जिल्हा परिषदेच्या पहिलीत, धाकटी अंगणवाडीत. बऱ्याच गावांत दोन्ही एकाच आवारात भरतात, त्यामुळे आईची एक खेप वाचते. सरकारदरबारी मात्र ही भावंडं सख्खी नव्हेत. तो शालेय शिक्षण खात्याचा, ती महिला व बालविकास खात्याची. खिचडी दोघांनाही मिळते, पण वेगळ्या रजिस्टरातली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा ठरवला, तेव्हा कागदावर दोघं एका पंगतीला बसली. अंगणवाडीताई १९७५ पासून आहे तिथेच आहे. वजन करा, लसीकरणाला आया गोळा करा, मोबाईलवर माहिती भरा, आणि रेंज आलीच नाही तर तेवढ्यात एखादं बडबडगीत घ्या. पूर्वप्राथमिक शिक्षण म्हणतात ते हेच असावं.

शेजारच्यांनी या भानगडीत न पडता दोन्ही पोरांना ‘इंटरनॅशनल’मध्ये घातलं. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, बाई स्वतःच बारावीला बसल्यात. पण टाय आहे. इलॅस्टिकचा.